पाचटाखालचे शिकारी

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात दिवस मावळताना दोन गोष्टी हमखास दिसतात. रस्त्याला उसाने भरलेल्या गाड्यांची रांग, आणि तुटून गेलेल्या फडातून वर चढणारा धूर. "पाचट जाळू नका" हे वाक्य कारखान्याने, कृषी खात्याने आणि विद्यापीठाने इतक्या वेळा सांगितले आहे की ते आता भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखे झाले आहे. दिसते सर्वांना, वाचत कोणी नाही. म्हणून ओलावा टिकतो, तण कमी येते, कर्ब वाढतो ही नेहमीची कारणे आज मी उगाळत बसणार नाही. ती आपणांस पाठ आहेत. आज पाचटाखाली राहणाऱ्या एका जिवाची माहिती द्यावयाची आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला हजेरी द्यावी लागत नाही, आणि आपल्या उसाच्या मुळावर टपलेल्या सूत्रकृमींना तो फास टाकून धरतो व खातो. हा जीव म्हणजे एक बुरशी आहे.

"साहेब, बुरशी म्हणजे रोगच की!" असे एका गट बैठकीत एका सभासदांनी मला तोंडावर ऐकवले. त्यांचे म्हणणे एका परीने बरोबर. आपल्याला बुरशी भेटते ती काणीच्या काळ्या चाबकात, नाहीतर आतून लाल पडलेल्या कुजक्या कांड्यात. पण जमिनीतल्या बहुतेक बुरशी उसाच्या वाटेला जात नाहीत. पालापाचोळा, मेलेली मुळे, शेण कुजवून त्या पोट भरतात. त्यांतल्याच काही जातींनी कुजवण्याबरोबर शिकारीचा जोडधंदाही धरलेला आहे. सापळा लावून सूत्रकृमी पकडणाऱ्या अशा बुरशींच्या शंभराच्या आसपास जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत.

आता ही शिकार कोणाची, ते आधी पाहू. सूत्रकृमी म्हणजे सुताच्या तुकड्यासारखा, बिनपायाचा, पारदर्शक किडा. लांबी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, काही थोडे मोठे. नुसत्या डोळ्यांना मातीत तो सापडणार नाही. शेतातल्या एक चौरस मीटर मातीत हे लाखांनी असतात. पण सगळेच चोर नव्हेत. मातीतले कित्येक सूत्रकृमी जिवाणू खातात, काही बुरशी खातात, काही तर दुसऱ्या सूत्रकृमींनाच गिळतात. हे आपले नुकसान करीत नाहीत, उलट अन्नद्रव्ये मोकळी करायला मदत करतात. आपले भांडण आहे ते तोंडात सुईसारखी पोकळ सोंड असणाऱ्यांशी. ही सोंड मुळाच्या पेशीत खुपसून ते रस ओढतात.

उसात अशा सूत्रकृमींच्या बऱ्याच जाती सापडतात, पण दोघांची ओळख ठेवली तरी पुरे. पहिला मुळावर गाठी करणारा, शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी. दुसरा मुळावर डाग पाडणारा, प्रॅटिलेंकस. त्यातली प्रॅटिलेंकस झी ही जात जगभर उसात आढळते. गाठीवाल्याची मादी मुळात एकदा घर केले की हलत नाही. तिथेच फुगते आणि शेकड्यांनी अंडी घालते. डागवाला मात्र भटक्या. मुळात शिरतो, पोखरतो, मूळ सडायला लागले की बाहेर पडून शेजारचे मूळ गाठतो.

याची लक्षणे फसवी असतात. फडात मधेच ठिगळासारखा पिवळट, खुजा पट्टा दिसतो, फुटवे कमी, पाण्याची पाळी जरा लांबली की तोच पट्टा आधी सुकतो. आपण म्हणतो युरिया कमी पडला, आणि आणखी एक पोते टाकतो. कोणी म्हणतो हुमणी असेल. बेट उपटून मुळे धुऊन पाहिली तर बारीक तंतुमुळे गळालेली, उरलेली आखूड व जाड, त्यांवर लालसर-काळे डाग, नाहीतर टोकाला बारीक गाठ. वांग्या-टोमॅटोच्या मुळासारखी मोठी मण्यांची माळ उसात शोधू नका, उसाची गाठ लहान असते. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत नुकसान जास्त. आणि ऊस, खोडवा, निडवा, पुन्हा ऊस असे चक्र त्याच रानात चालले की यांना बारमाही मेजवानी मिळते. मुळे कधी संपतच नाहीत.

आता शिकाऱ्याकडे वळू. बुरशीचे शरीर म्हणजे धागे. केसापेक्षा कितीतरी बारीक, मातीच्या कणाकणांतून पसरलेले. या धाग्यांवर शिकारी बुरशी सापळे तयार करते, आणि प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी आहे.

सर्वांत जास्त आढळणारी आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा ही जात जाळे विणते. धाग्याला फाटा फुटतो, तो वळून परत मूळ धाग्याला चिकटतो, त्याच्यावर दुसरा वळसा, मग तिसरा. नदीला मासे धरायला लावतात तसे हे जाळे, फक्त याच्या दोऱ्यांना चिकटा असतो. सूत्रकृमी अंग घासत गेला की चिकटला. सुटायला धडपडला की आणखी वळशांना चिकटतो. मग बुरशी त्याच्या कातडीला भोक पाडून आत धागे सोडते, आतला सगळा ऐवज विरघळवून पिते, आणि एक-दोन दिवसांत नुसती रिकामी कातडी शिल्लक राहते. काही जातींत जाळ्याऐवजी देठावर बारीक चिकट गोळा असतो. सूत्रकृमी जोर करून देठ तोडून पळाला तरी गोळा अंगाला तसाच. पुढे जाऊन तो आतून फुटतो आणि पळालेलाही मरतो.

माझ्या मते सर्वांत अजब तऱ्हा फासाची. ड्रेक्सलरेला या गटातल्या बुरशी तीन पेशींचे एक कडे तयार करतात. त्यात चिकटा वगैरे काही नाही. कडे उघडे, सूत्रकृमी आपल्या नादात डोके घालून पुढे सरकतो. आतल्या बाजूस अंग लागले रे लागले की तिन्ही पेशी एकदम पाणी ओढून आतल्या बाजूला फुगतात. सेकंदाच्या दहाव्या भागात पेशींचे आकारमान जवळजवळ तिप्पट होते आणि सूत्रकृमी मध्येच आवळला जातो. सशाला तारेचा फास लावतात तो पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की इथे ना हात, ना मेंदू, ना मज्जातंतू. नुसत्या तीन पेशी.

ही विद्या आजकालची नव्हे. फ्रान्समध्ये सापडलेल्या राळेच्या खड्यात अशी कडीवाली बुरशी आणि तिच्याजवळ सूत्रकृमी गोठलेल्या अवस्थेत मिळाले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या राळेचे वय सुमारे दहा कोटी वर्षे. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर हिंडत होते, उसाचा पत्ताही नव्हता. माणसाला मात्र हे समजायला एकोणिसावे शतक उजाडले. बुरशीची ओळख आधी झाली होती, पण ती जिवंत सूत्रकृमी पकडते हे १८८८ मध्ये जर्मनीतील झोफ यांनी पाहिले. पुढे १९३० नंतर अमेरिकेच्या कृषी खात्यातील चार्ल्स ड्रेक्सलर यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकामागून एक जातींची वर्णने केली. त्यांच्याच नावावरून वरच्या फासवाल्या गटाला नाव मिळाले.

आता एक प्रश्न रास्त आहे. पाचट कुजवून पोट भरणाऱ्याला हा मांसाहार कशाला हवा?

याचे उत्तर आपल्या ताटातच आहे. उसाच्या पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे. नत्राच्या एका भागाला कर्बाचे शंभराच्या आसपास भाग. म्हणजे ताटात भाकऱ्यांची चवड, आणि कोरड्यास काहीच नाही. पोट भरते, पण अंग धरत नाही. सूत्रकृमीचे शरीर म्हणजे नत्राने भरलेली पिशवी. बुरशी भाकरी पाचटातून घेते आणि कोरड्यास सूत्रकृमीचे करते. प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसते: या बुरशीला भरपूर सकस खाद्य दिले तर ती सापळे लावायचा आळस करते, आणि खाद्य गरीब ठेवून सूत्रकृमी सोडले की जाळी विणायला बसते.

सूत्रकृमी जवळ आले हे तिला कळते कसे? सूत्रकृमी एकमेकांना ओळखण्यासाठी काही द्रव्ये सोडतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की बुरशी नेमकी हीच द्रव्ये हेरते आणि मग सापळे उभारते. शत्रूची शीळ ओळखून पहारा लावण्यासारखेच झाले. त्यानंतर तैवानमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की ऑलिगोस्पोरा खाद्याचा आणि जोडीदाराचा भास होईल असे वासही सोडते, त्यावर सूत्रकृमी आपण होऊन येतात. तसेच २०१४ मध्ये चीनमधील संशोधकांनी मांडले की जिवाणूसुद्धा या खेळात आहेत. सूत्रकृमी जिवाणूंना खातात. जिवाणू युरिया सोडतात आणि त्या इशाऱ्यावर बुरशी सापळे लावते. एवढे सगळे राजकारण आपल्या एका ओंजळभर मातीत चालते, आणि आपल्याला वाटते रान गप्प पडले आहे.

जाता जाता एक गोष्ट महिला बचत गटांसाठी. काही भगिनी भाताच्या काडावर धिंगरी अळिंबी पिकवतात. ही धिंगरीही सूत्रकृमींची शिकार करते, हे १९८४ मध्ये कॅनडातील दोघा शास्त्रज्ञांनी दाखवले. ती फास लावत नाही, तिच्या धाग्यांवर विषाचे बारीक थेंब असतात, त्याला स्पर्श झाला की सूत्रकृमी लुळा पडतो. आपण खातो त्या अळिंबीला यामुळे कसलाही धोका नाही, निर्धास्त खावी. मात्र पीक निघाल्यावरचे काड उकिरड्यावर न फेकता परसबागेतल्या वाफ्यात घालावे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बुरशी शेतात खरोखर आपल्या कामाला येते का? इथे मी फार फुगवून सांगणार नाही, कारण शास्त्रज्ञांतही यावर पुष्कळ वाद झाले आहेत.

पहिला नावाजलेला प्रयत्न हवाई बेटांत झाला. तिथे अननसाच्या मळ्यांत गाठीवाल्या सूत्रकृमीने जेरीस आणले होते. लिनफर्ड यांनी १९३७-३८ च्या सुमारास अननसाचा हिरवा पाला चिरून मातीत गाडला. पाला कुजू लागल्यावर जिवाणू वाढले, जिवाणू खाणारे निरुपद्रवी सूत्रकृमी वाढले, त्यांच्यावर शिकारी बुरशी वाढल्या आणि गाठींचे प्रमाण कमी झाले. लिनफर्ड यांचा सिद्धान्त असा की फुकटची शिकार मिळाल्यावर शिकारी माजतात आणि मग चोरांनाही खातात. नंतरच्या लोकांनी तपासले तेव्हा गणित इतके सरळ निघाले नाही. पाला कुजायच्या सुरुवातीला बुरशीचा जोर असतो, मग तो ओसरतो. आणि ती चोर-साव असा भेद करीत नाही, सापडेल त्याला धरते. मला यातून एवढेच दिसते की एकदा पाला गाडून भागत नाही, खाद्य सतत मिळत राहिले पाहिजे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. तिथे एकाच रानात वर्षानुवर्षे धान्यपीक घेतले की पहिली काही वर्षे सूत्रकृमी वाढत, आणि नंतर पीक तेच असूनही आपोआप कमी होत. रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात ब्रायन केरी यांनी १९७० च्या दशकात याचा छडा लावला. माद्या व अंडी खाणाऱ्या दोन बुरशी त्या मातीत वाढल्या होत्या. पुरावा कसा मिळाला? काही वाफ्यांत फॉर्मॅलिन ओतून बुरशी मारली, तर त्या वाफ्यांतले सूत्रकृमी पुन्हा वाढले. राखणदार मारला, चोर माजला. या बुरशी फासवाल्या नव्हेत, अंड्यांवर जगणाऱ्या आहेत. पण मातीत राखण आपोआप उभी राहते, आणि ती आपल्या हातानेच मोडते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

तिसरे उदाहरण आपल्या थेट कामाचे, कारण ते उसाचे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पूर्वी ऊस जाळूनच तोडत असत. १९८० नंतर तिथल्या बऱ्याच भागांत, विशेषतः उत्तरेकडे, हिरवा ऊस यंत्राने तोडून पाचट तसेच रानावर पसरून ठेवण्याची पद्धत आली. स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन फडांतली माती तपासली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचटाच्या अगदी खालच्या मातीत उसाची मुळे दाट होती आणि निरोगी होती, सूत्रकृमी थोडे होते. तिथून १५ सेंटिमीटर खाली गेल्यावर मुळे विरळ, रोगट, आणि सूत्रकृमी तीन ते पाच पट. एकाच बेटाखाली, वीतभर अंतरात, एवढा फरक!

आता कोणी म्हणेल, वर हवा जास्त असेल, ऊन लागत असेल. म्हणून त्यांनी माती प्रयोगशाळेत नेली. थोडी माती तापवून निर्जंतुक केली, थोडी तशीच ठेवली, आणि उसाच्या रानात नसणारा एक परका सूत्रकृमी दोन्हींत सोडला. त्याची सर्वांत जास्त घट झाली ती वरच्या दोन सेंटिमीटरच्या जिवंत मातीत. १५ ते १७ सेंटिमीटरच्या मातीत तेवढा दम नव्हता. मातीत कर्ब जितका जास्त, तितकी राखण कडक. आणि शिकारी बुरशी ज्या कुळातल्या, त्या कुळाच्या जाती जिथे जास्त सापडल्या तिथे सूत्रकृमींची घटही जास्त. संशोधकांनी जपून लिहिले आहे की नमुने थोडे होते, त्यामुळे या बुरशींचा वाटा असावा, एवढेच म्हणता येईल. मीही तेवढेच म्हणतो. पण हा अभ्यास वाचल्यापासून पेटलेला फड दिसला की मला त्या वरच्या दोन सेंटिमीटरची आठवण होते.

कारण पाचटाची आग जमिनीत खोल जात नाही, असा आपल्याकडे युक्तिवाद केला जातो. "वरचं वर जळतं साहेब, जमिनीला काय होतंय?" खोल जात नाही हे खरेच आहे. पण राखणदारांचे मुख्य ठाणेच वरच्या थरात आहे. शिवाय आग फक्त त्यांना भाजत नाही, त्यांची वर्षभराची शिधासामग्री राख करते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट म्हणजे तेवढी भाकरी. ती गेल्यावर मागे उरलेली बुरशी जगणार कशावर? खाली १५-२० सेंटिमीटरवरचे सूत्रकृमी मात्र मुळांच्या आत सुखरूप असतात. बुडखे फुटले, नवी मुळे आली की ते ताजेतवाने होऊन कामाला लागतात. म्हणजे आगीत पोलीस चौकी जळाली आणि चोर तळघरात वाचले.

औषधांविषयी थोडक्यात. वडीलधाऱ्या सभासदांना नेमॅगॉन आठवत असेल. १९७७ मध्ये अमेरिकेत ते तयार करणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळले, आणि पुढे आपल्या देशातही त्यावर बंदी आली. फोरेट हे तर परवापरवापर्यंत सरीत पडत होते. २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून तेही बंद झाले. कोणाच्या कोठीत जुनी पिशवी असेल तर "पैसे गेलेत, वापरून टाकू" असे कृपया करू नये. उसासारख्या दाट, वर्ष-दीड वर्षाच्या पिकात मुळाच्या थरापर्यंत विष पोहोचवत राहणे खर्चाला परवडत नाही, आणि विहिरीच्या पाण्याला तर मुळीच नाही.

मग बुरशीच बाटलीत भरून विकत घेतली तर? हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. शिकारी बुरशी विकण्याचा प्रयत्न फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाअखेरीस झाला होता, अळिंबीच्या आणि टोमॅटोच्या वाफ्यांसाठी. वाफ्याला जमले, पण चौरस मीटरच्या हिशेबाने लागणारा माल एकरांच्या पिकाला परवडेना. शिवाय बाहेरून आणलेल्या बुरशीला मातीतले जुने रहिवासी सहजासहजी रुजू देत नाहीत. बाहेरगावचा पैलवान मैदानात आणून उभा केला आणि खुराकाची सोय केली नाही, तर तो चार दिवसांत कोपऱ्यात बसणारच.

आपल्याकडे दुकानात मिळते ती बुरशी बहुधा पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम, जुने नाव पॅसिलोमायसिस. ती फास लावत नाही, सूत्रकृमीची अंडी खाते. १९७९ मध्ये पेरू देशात बटाट्याच्या मुळांवर तिची ही सवय लक्षात आली. चीज चांगली आहे, आणि गाठीवाल्या सूत्रकृमीसाठी उपयोगीही आहे, कारण मुळावर स्थिर बसलेल्या मादीपर्यंत फासवाल्यांचा हात पोहोचत नाही. फासात सापडतात ते मातीतून चालणारे. घ्यायचीच तर नोंदणी क्रमांक, बनवल्याची व संपण्याची तारीख पाहून घ्या, चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा प्रेसमड कंपोस्टमध्ये मिसळून, सावलीत ओलसर आठ-दहा दिवस ठेवा आणि मग मुळाजवळ द्या. तापलेल्या सरीत नुसती ओतून देणे म्हणजे पैसे पाण्यात. आणि ज्या रानातले पाचट आपण जाळले त्याच रानात बाटलीतली बुरशी ओतणे, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

तेव्हा तोडणी झाल्यावर करायचे काम असे. टोळी फडातून बाहेर पडली की त्याच दोन-चार दिवसांत बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे आणि बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. बुडखे झाकलेले राहिले तर फुटवा मार खातो, आणि मग दोष पाचटाला मिळतो. सरीतल्या पाचटावर एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाकावेत, व पाणी द्यावे. शिफारस एवढीच आहे. "लवकर कुजू दे" म्हणून युरियाची दोन-तीन पोती टाकणारे सभासद आहेत. ते करू नये. कोरड्यास आयते मिळाले की शिकारी शिकार सोडतो, हे वर सांगितलेच आहे. शिवाय तेवढा युरिया वाफ होऊन किंवा पाण्याबरोबर जातो तो वेगळाच. पाणी सरीत तुंबवू नये. या बुरशींना हवा लागते, चिखलात त्या गुदमरतात. बगला फोडण्याचा हट्टही सोडावा, पाचट ठेवलेल्या खोडव्याला पहारीने खत देता येते आणि वरचा थर जागेवर राहतो.

खोडवा मोडला की रान लगेच उसाला देऊ नये. आडसाली करणाऱ्यांना तागाची चांगली संधी असते. मे-जूनमध्ये एकरी २० ते २५ किलो बी टाकून, फुलावर येताना दीड महिन्याने गाडावा. तागाच्या मुळात गाठीवाल्या सूत्रकृमीची वाढ होत नाही, आणि गाडलेल्या तागामुळे शिकारी बुरशी वाढल्याचे हवाईतल्या नंतरच्या प्रयोगांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियातही उसाच्या सलग लागणी तोडून मध्ये सोयाबीन किंवा भुईमूग घेतल्यावर पुढच्या उसाचे उत्पन्न वाढले. आंतरपिकाचे मात्र पाहून घ्यावे. मुळावर गाठी आढळलेल्या रानात उसाच्या सरीला भेंडी, काकडी, टोमॅटो लावणे म्हणजे सूत्रकृमीची वरातच काढणे होय. तिथे झेंडू लावा. फुलांचे पैसे होतात आणि सूत्रकृमीही हटतात.

ज्यांच्या फडात वर सांगितल्यासारखे पिवळे, खुजे पट्टे आहेत त्यांनी अंदाजावर औषध आणण्याआधी माती तपासून घ्यावी. पट्ट्याच्या अगदी मध्यातून नमुना घेऊ नये, तिथली मुळे आधीच संपलेली असतात आणि सूत्रकृमी पुढे सरकलेले असतात. पट्ट्याच्या कडेने, बेटाजवळ, १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवरून पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यावी, सोबत मूठभर बारीक मुळेही घ्यावीत. सगळे सावलीत एकत्र करून अर्धा किलो माती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावी. माती वाळवू नये. नेहमीच्या माती परीक्षणाला वाळवून देतो तशी दिली तर सूत्रकृमी मरतात आणि तपासणीला काही उरत नाही. निरोगी भागातला एक नमुना वेगळ्या पिशवीत घ्यावा, म्हणजे तुलना होते. दोन्ही पिशव्यांवर सभासद क्रमांक, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा, आणि मागच्या तोडणीनंतर पाचट जाळले की ठेवले, हे पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून त्याच दिवशी आपल्या गट ऑफिसला द्यावे. नमुने सूत्रकृमीशास्त्र विभागाकडे पाठवण्याची व्यवस्था शेतकी विभाग करील.